एकाच खात्याचे मेल सर्व्हरच्या दाराशी नाकारणे: पोस्टफिक्सची मांडणी

एखादी व्यक्ती संस्था सोडून जाते, एखाद्या विभागाचा पत्ता कायमचा बंद होतो, किंवा केवळ सूचना पाठवण्यासाठी काढलेल्या खात्यात उत्तरांचा ढीग साचत जातो. अशा वेळी सर्व्हर सांभाळणाऱ्याला त्या एका पत्त्यावर येणारे मेल थांबवायचे असतात आणि बाकीच्या खात्यांना धक्का लागू द्यायचा नसतो. काम वरवर पाहता एका ओळीचे आहे आणि ती ओळ पुढे दिलेलीच आहे; मात्र ती कोठे लिहायची, तिच्यात कोणता कोड घालायचा आणि मेल येण्याच्या कोणत्या वाटा तिच्या आवाक्याबाहेर राहतात, हे पाहिले नाही तर खाते बंद केल्याचा समज होतो आणि मेल मागच्या वाटेने येतच राहतात.

पुढील मांडणी पोस्टफिक्स या सर्व्हरसाठी आहे. वित्से व्हेनेमा यांनी लिहिलेला हा सर्व्हर १९९८ पासून उपलब्ध आहे आणि लिनक्सवर तो मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. सेंडमेल आणि एक्झिम हे दुसरे मेल सर्व्हर वापरणाऱ्यांसाठी शेवटी थोडक्यात माहिती दिली आहे. येथे फाइलींची, कमांडची आणि सेटिंगांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष फाइलीत ती, त्यांतील अंडरस्कोर कायम ठेवून, रोमन लिपीतच लिहावी लागतात आणि आकडेही त्याच लिपीतले लागतात. उदाहरणासाठी ‘सेल्स@एक्झाम्पल.ऑर्ग’ हे खाते बंद करायचे आहे असे धरले आहे.

नकार कोणत्या क्षणी द्यायचा

एसएमटीपी म्हणजे मेल सर्व्हरांनी एकमेकांशी बोलण्याची ठरलेली पद्धत. तिचे नियम १९८२ मध्ये आरएफसी ८२१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारा क्रमांकित दस्तऐवज) म्हणून आले आणि २००८ मध्ये आरएफसी ५३२१ या रूपात नव्याने मांडले गेले. दोन सर्व्हरांमधील संवादाचा क्रम त्यांत ठरवून दिलेला आहे. पाठवणारा सर्व्हर आधी आपली ओळख सांगतो, मग ‘मेल फ्रॉम’ म्हणून प्रेषकाचा पत्ता देतो, त्यानंतर ‘आरसीपीटी टू’ म्हणून प्राप्तकर्ते एकेक करून सांगतो आणि शेवटी ‘डेटा’ म्हणून मजकूर पाठवतो. प्रत्येक प्राप्तकर्त्याला स्वतंत्र उत्तर मिळत असल्यामुळे, पाच जणांना आलेल्या मेलमधील एकाला नकार देऊन उरलेल्या चौघांचा मेल आत घेणे याच टप्प्यावर शक्य असते. मजकूर येऊन गेल्यावर दिलेला नकार पाचही जणांना लागू पडतो.

दुसरे कारण जबाबदारीचे आहे. प्राप्तकर्त्याच्या टप्प्यावर नकार मिळाला की मेल पाठवणाऱ्या सर्व्हरकडेच राहतो आणि आपल्या वापरकर्त्याला तो पोहोचला नाही हे कळवणे त्याचे काम ठरते. याउलट आपण मजकूर घेऊन २५० हे स्वीकारल्याचे उत्तर दिले की जबाबदारी आपल्याकडे येते; मग खाते बंद असल्याचे कळवण्यासाठी आपल्याच सर्व्हरला परतीचा मेल तयार करावा लागतो. नको असलेल्या मेलमध्ये प्रेषकाचा पत्ता बहुतेक वेळा खोटा असतो, त्यामुळे हा परतीचा मेल काहीच न पाठवलेल्या तिसऱ्याच माणसाच्या पेटीत जाऊन पडतो. असे मेल सातत्याने सोडणारा सर्व्हर काळ्या यादीत जाऊ शकतो, आणि एक खाते बंद करायला निघालेल्या माणसाला सर्वच खात्यांचे मेल अडल्याच्या तक्रारी ऐकाव्या लागतात.

म्हणून हाताशी असलेल्या काही सोप्या युक्त्या या कामासाठी वापरू नयेत. सीव्ह या गाळणी-भाषेतील ‘रिजेक्ट’ ही आज्ञा नेहमीच्या मांडणीत मेल पोस्टफिक्सने स्वीकारून डव्हकॉटकडे (मेल पेट्यांमध्ये ठेवणाऱ्या सर्व्हरकडे) सोपवल्यानंतर चालते, त्यामुळे तिच्यातून परतीचा मेलच तयार होतो. ‘हेडर_चेक्स’ हे सेटिंग मेलच्या आतील ‘टू’ ही ओळ वाचते. लपवलेल्या प्रतीत प्राप्तकर्त्याचे नाव त्या ओळीत नसते आणि नाव असले तरी नकार सर्वांनाच बसतो. ‘डिस्कार्ड’ ही कृती तर मेल स्वीकारल्याचे सांगून तो गुपचूप फेकून देते. पाठवणाऱ्याला आपला मेल पोहोचला असेच वाटत राहते, आणि माझ्या मते खऱ्या माणसांचा पत्रव्यवहार असलेल्या खात्यासाठी ती कधीच योग्य नाही.

कोड आणि मजकूर

नकाराच्या उत्तरात तीन भाग असतात: तीन अंकी कोड, टिंबांनी विभागलेला विस्तारित कोड आणि माणसाने वाचायचा मजकूर. पहिला अंक ५ असेल तर नकार कायमचा असतो आणि पाठवणारा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करत नाही. तो ४ असेल तर नकार तात्पुरता असतो, मेल पाठवणाऱ्याच्या रांगेत राहतो आणि पुन्हा पुन्हा येतो. पोस्टफिक्स स्वतः असा मेल मुळात ५ दिवस रांगेत ठेवते. खाते एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवताना काही तास मेल थोपवायचे असतील तर ४५० आणि ४.२.१ ही जोडी चांगली. कायम बंद करायच्या खात्याला तात्पुरता कोड देणे म्हणजे पाठवणाऱ्याला कित्येक दिवस अंधारात ठेवणे होय.

विस्तारित कोडांचे अर्थ आरएफसी ३४६३ मध्ये दिले आहेत. ५.१.१ म्हणजे असा पत्ता अस्तित्वात नाही, ५.२.१ म्हणजे पेटी आहे पण बंद केलेली आहे, ५.७.१ म्हणजे धोरणामुळे परवानगी नाही आणि ५.१.६ म्हणजे पेटी दुसरीकडे गेली आहे. बंद केलेल्या खात्यासाठी ५५० आणि ५.२.१ ही जोडी सर्वांत खरी माहिती देते. खाते होते हेसुद्धा सांगायचे नसेल तर ५.१.१ द्यावा. पत्ते आणि त्यांची उत्तरे लिहिण्याच्या तक्त्यात (तो पुढे तयार करायचा आहे) नुसते ‘रिजेक्ट’ लिहिले तर पोस्टफिक्स ५५४ आणि ५.७.१ असे उत्तर देते. त्यानेही मेल अडतो, पण समोरच्याला आपल्यावरच बंदी घातली गेली असे वाटू शकते आणि मग चौकशीचे मेल पोस्टमास्टरच्या, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या, पेटीत येऊ लागतात. टपाल याद्या चालवणारी सॉफ्टवेअरही कायमचे नकार मोजून सदस्य वगळतात, त्यामुळे योग्य कोड दिल्यास यादीवरून येणारे मेल काही काळाने आपोआप थांबतात.

उत्तरातील मजकूर आस्की, म्हणजे साध्या इंग्रजी, अक्षरांतच लिहावा, म्हणजे तेथे देवनागरी चालणार नाही. आरएफसी ५३२१ नुसार उत्तराची एक ओळ कोडासह ५१२ बाइटांपेक्षा मोठी नसावी, तेव्हा एक छोटे वाक्य पुरते. हा मजकूर जगातील कोणालाही, एक मेल पाठवण्याच्या श्रमात, वाचता येतो हे ध्यानात ठेवून त्यात संबंधित व्यक्ती का गेली, कोठे गेली किंवा तिचा खासगी पत्ता काय आहे हे लिहू नये. खाते बंद आहे आणि संस्थेशी संपर्कासाठी अमुक सार्वजनिक पत्ता आहे, एवढेच पुरे.

तक्ता तयार करणे

‘इटीसी’ मधील ‘पोस्टफिक्स’ या फोल्डरात ‘रेसिपियंट_अ‍ॅक्सेस’ नावाची साधी मजकूर फाइल करावी. नाव कोणतेही चालते, पण सहा महिन्यांनी पाहणाऱ्याला अर्थ लागेल असे असावे. तिच्यात डावीकडे पत्ता आणि जागा सोडून उजवीकडे उत्तर अशी एक ओळ लिहावी:

सेल्स@एक्झाम्पल.ऑर्ग    ५५० ५.२.१ धिस मेलबॉक्स इज क्लोज्ड

त्यावर ‘#’ ने सुरू होणारी टिपणीची स्वतंत्र ओळ घालून खाते कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणत्या तारखेला बंद केले हे नोंदवावे. टिपणी नोंदीच्याच ओळीत शेवटी जोडू नये, कारण पोस्टफिक्स तिला उत्तराचा भाग समजते आणि ती बाहेरच्यांना दिसते. त्यानंतर ही कमांड द्यावी:

पोस्टमॅप हॅश:/इटीसी/पोस्टफिक्स/रेसिपियंट_अ‍ॅक्सेस

तिने मजकूर फाइलीपासून अनुक्रमित फाइल तयार होते आणि पोस्टफिक्स हीच फाइल वाचते. काही प्रणालींवर ‘हॅश’ हा प्रकार उपलब्ध नसतो आणि त्याच्या जागी ‘एलएमडीबी’ असतो. ‘पोस्टकॉन्फ -एम’ (येथे ‘एम’ लहान अक्षरात) ही कमांड आपल्याकडे कोणते प्रकार आहेत ते सांगते. पुढे तक्त्यात काही बदलले की पोस्टमॅप पुन्हा चालवावे लागते, आणि हा टप्पा विसरणे हे ‘बदल केला पण काही होत नाही’ या तक्रारीचे नेहमीचे कारण असते. नोंद सापडते का हे ‘पोस्टमॅप -क्यू’ नंतर पत्ता आणि तक्त्याचे नाव देऊन लगेच तपासता येते. उजवीकडचा मजकूर छापून आला तर नोंद बरोबर आहे, काहीच आले नाही तर पत्ता चुकला आहे. शोध लहान-मोठ्या अक्षरांचा भेद करत नाही.

आता ‘मेन.सीएफ’ या मुख्य फाइलीत पुढील सेटिंग लिहावे:

एसएमटीपीडी_रेसिपियंट_रिस्ट्रिक्शन्स = चेक_रेसिपियंट_अ‍ॅक्सेस हॅश:/इटीसी/पोस्टफिक्स/रेसिपियंट_अ‍ॅक्सेस

हे सेटिंग फाइलीत आधीपासून असेल तर दुसरे लिहू नये. एकच सेटिंग दोनदा आले की पोस्टफिक्स शेवटचे धरते, आणि पहिल्यातील सगळे जुने नियम नकळत नाहीसे होतात. त्याऐवजी असलेल्या यादीतच हा नियम घालावा. मग ‘पोस्टफिक्स चेक’ चालवून चुका पाहाव्यात आणि ‘पोस्टफिक्स रिलोड’ द्यावे. यापुढे केवळ तक्ता बदलला तर रिलोडची गरज नसते, कारण अनुक्रमित फाइल बदलल्याचे पोस्टफिक्सच्या प्रक्रिया स्वतःच ओळखतात.

नियमांचा क्रम

यादीतील नियम डावीकडून उजवीकडे तपासले जातात आणि पहिला निर्णायक नियम त्या यादीचा निकाल ठरवतो. ‘परमिट_मायनेटवर्क्स’ किंवा ‘परमिट_सासल_ऑथेंटिकेटेड’ हे नियम आपल्या तपासणीच्या आधी आले तर आतल्या नेटवर्कवरून आणि लॉगिन करून पाठवणाऱ्यांचे मेल तपासणीपर्यंत पोहोचतच नाहीत. केवळ बाहेरचे मेल अडवायचे असतील तर हा क्रम सोयीचा आहे. सर्वांनाच नकार द्यायचा असेल तर आपला नियम यादीत पहिला ठेवावा. सहकाऱ्यांनी बंद खात्यावर पाठवलेले मेल मुकाट्याने न वाचलेल्या पेटीत पडत राहण्यापेक्षा त्यांना लगेच नकार दिसणे चांगले, म्हणून मी पहिली जागाच सुचवेन.

आवृत्ती २.१० पासून पोस्टफिक्सने रिलेची (दुसऱ्या डोमेनसाठीचा मेल पुढे पाठवण्याची) परवानगी ‘एसएमटीपीडी_रिले_रिस्ट्रिक्शन्स’ या वेगळ्या यादीत नेली आहे. त्याआधीच्या मांडणीत सर्व नियम एकाच यादीत असत आणि ‘रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशन’ च्या आधी लावलेल्या तक्त्यात कोणी एखाद्या नोंदीसमोर ‘ओके’ लिहिले, तर त्या पत्त्यासाठी सर्व्हर कोणाचाही मेल पुढे पाठवायला तयार होई. जुनी फाइल अजून वापरात असेल तर हा धोका आजही आहे. नकाराच्या तक्त्यात नकारच ठेवावेत. एखाद्या पत्त्याला या तपासणीतून वगळायचे असेल तर ‘ओके’ ऐवजी ‘डनो’ लिहावे, म्हणजे पोस्टफिक्स निर्णय न देता पुढच्या नियमाकडे जाते.

तक्त्याच्या आवाक्याबाहेरच्या वाटा

येथपर्यंतचे काम दहा मिनिटांचे आहे. खरा वेळ पुढील गोष्टी तपासण्यात घालवावा.

सर्वांत जास्त फसवणारी वाट एलियासची, म्हणजे मेल दुसऱ्या खात्याकडे वळवणाऱ्या पर्यायी पत्त्याची. तपासणी होते ती पाठवणाऱ्याने ‘आरसीपीटी टू’ मध्ये दिलेल्या पत्त्याची, आणि एलियासचा विस्तार त्यानंतर होतो. म्हणजे ‘इन्फो@एक्झाम्पल.ऑर्ग’ हा पत्ता सेल्स या खात्याकडे वळवलेला असेल तर तपासणीला फक्त ‘इन्फो’ दिसतो, त्याला नकार नसतो आणि मेल बंद खात्याच्या पेटीत जातो. सर्व विभागांना एकदम मेल पाठवण्यासाठी केलेल्या गटाच्या पत्त्याचेही तसेच होते. म्हणून एलियासच्या फाइलींमध्ये आणि व्हर्च्युअल एलियासच्या तक्त्यांमध्ये बंद खात्याचे नाव उजव्या बाजूला कोठे कोठे येते ते शोधावे. गटांमधून ते काढून टाकावे आणि एकट्या त्याच खात्याकडे जाणाऱ्या एलियासना नकाराच्या तक्त्यात स्वतंत्र नोंद द्यावी. उलट दिशेने पाहिले तर हाच गुण उपयोगी पडतो: डोमेनवरील कोणत्याही पत्त्याचे मेल एका पेटीत घेणारी सर्वसमावेशक नोंद असेल तर नुसते खाते पुसून मेल थांबत नाहीत, पण एलियासच्या आधी होणारी ही तपासणी त्यांना थांबवते.

दुसरी गोष्ट डोमेनची. ‘मायडेस्टिनेशन’ मध्ये सर्व्हरचे स्वतःचे नावही बहुधा असते, त्यामुळे ‘सेल्स@मेल.एक्झाम्पल.ऑर्ग’ या पत्त्यावर पाठवलेला मेलसुद्धा त्याच पेटीत जाऊ शकतो. सर्व्हर ज्या ज्या डोमेनांसाठी हे खाते चालवतो त्या प्रत्येकासाठी एक ओळ लिहावी. तक्त्यात ‘सेल्स@’ असे डोमेनशिवायही लिहिता येते आणि ते सर्व डोमेनांना लागू होते, हे वाचून मोह होतो. पण आपले वापरकर्ते याच सर्व्हरवरून दुसऱ्या संस्थेच्या सेल्स खात्याला मेल पाठवू लागले की तोही नाकारला जातो, कारण या तपासणीला आपला पत्ता आणि परका पत्ता असा भेद कळत नाही. चार ओळी जास्त लिहिणे परवडते.

पत्त्यातील अधिकच्या भागाची मात्र काळजी करावी लागत नाही. ‘रेसिपियंट_डिलिमिटर’ मध्ये अधिकचे चिन्ह ठरवलेले असेल तर ‘सेल्स+न्यूज@एक्झाम्पल.ऑर्ग’ साठी पोस्टफिक्स आधी पूर्ण पत्ता आणि मग अधिकचा भाग काढून मूळ पत्ता शोधते, त्यामुळे एकच नोंद पुरते.

तिसरी वाट पोर्टांची, म्हणजे सर्व्हरशी जोडणी करण्याच्या क्रमांकित दारांची. लॉगिन करून मेल पाठवणारे वापरकर्ते पोर्ट ५८७ किंवा ४६५ वापरतात, आणि ‘मास्टर.सीएफ’ या फाइलीत त्या सेवांना ‘-ओ’ लावून स्वतःची वेगळी सेटिंगे दिलेली असू शकतात. तेथे ‘एसएमटीपीडी_रेसिपियंट_रिस्ट्रिक्शन्स’ रिकामे किंवा वेगळे ठेवले असेल तर मुख्य फाइलीतील आपला नियम त्या पोर्टांवर लागू होत नाही. ‘पोस्टकॉन्फ -पी’ ही कमांड, ‘पी’ मोठ्या अक्षरात देऊन, असे सगळे अपवाद एका जागी दाखवते. अशा सेवेच्या यादीतही आपला नियम घालावा.

चौथी वाट सर्व्हरच्या आतूनच निघते. ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनचे अहवाल किंवा संकेतस्थळाचे अर्ज त्याच यंत्रावरील ‘सेंडमेल’ या कमांडने मेल देतात तेव्हा एसएमटीपीचा संवादच होत नाही, म्हणून वरची कोणतीही यादी वाचली जात नाही. हे मेल थांबवण्यासाठी ‘ट्रान्सपोर्ट_मॅप्स’ च्या तक्त्यात पत्त्यासमोर ‘एरर:५.२.१ धिस मेलबॉक्स इज क्लोज्ड’ अशी नोंद करता येते. मग मेल पेटीत न जाता पाठवणाऱ्या प्रक्रियेच्या नावावर परत येतो. ही नोंद एलियासच्या विस्तारानंतर लागू होते, त्यामुळे एलियासची एखादी विसरलेली वाटही ती अडवते, पण बाहेरून आलेल्या अशा मेलसाठी मग आपल्यालाच परतीचा मेल पाठवावा लागतो. म्हणून तिला दुसरी जाळी मानावे आणि पहिल्या तपासणीची जागा तिला देऊ नये.

शेवटची वाट राखीव सर्व्हरची. डोमेनच्या एमएक्स नोंदींत (डोमेनचे मेल कोणते सर्व्हर घेतात हे सांगणाऱ्या नोंदींत) दुसरा सर्व्हर असेल आणि त्याला आपला तक्ता माहीत नसेल, तर तो बंद खात्याचे मेल आनंदाने स्वीकारतो, मुख्य सर्व्हरकडे आणतो, तेथे नकार मिळतो आणि परतीचे मेल त्याच्याकडून सुटू लागतात. नको असलेले मेल पाठवणारे अनेकदा मुद्दाम राखीव सर्व्हरकडेच येतात, तेव्हा हा प्रकार दुर्मीळ समजू नये. सर्वांत साधा उपाय म्हणजे तोच तक्ता राखीव सर्व्हरवरही ठेवणे. तो सर्व्हर ‘रिजेक्ट_अनव्हेरिफाइड_रेसिपियंट’ वापरून मुख्य सर्व्हरला विचारून ठरवत असेल तर दोन गोष्टी पाहाव्यात: त्याचा नकाराचा कोड मुळात ४५० असतो, तो ‘अनव्हेरिफाइड_रेसिपियंट_रिजेक्ट_कोड’ ने ५५० करावा लागतो, आणि पत्ता चालू असल्याचे जुने उत्तर साठवणीत असेल तर त्याची फेरतपासणी मुळातील सेटिंगांनुसार ७ दिवसांनी होते, त्यामुळे नकार उशिरा लागू होतो.

फक्त काहींनाच नकार

आतल्या सूचनांसाठी केलेले खाते बाहेरच्यांना बंद ठेवायचे असते, तेव्हा नियमांचा एक छोटा संच करून त्याला नाव देता येते. ‘एसएमटीपीडी_रिस्ट्रिक्शन_क्लासेस’ मध्ये ‘ओनली_इनसाइड’ असे नाव नोंदवावे, त्याखाली त्याच नावाचे सेटिंग ‘परमिट_मायनेटवर्क्स, परमिट_सासल_ऑथेंटिकेटेड, रिजेक्ट’ असे लिहावे आणि तक्त्यात खात्यासमोर कोडाच्या जागी ‘ओनली_इनसाइड’ हे नाव द्यावे. प्रेषकाच्या पत्त्यावरून आतला-बाहेरचा ठरवण्याचा मार्गही आहे, पण तो पत्ता कोणीही खोटा लिहू शकतो, म्हणून नेटवर्क आणि लॉगिन यांवरच विसंबावे.

केवळ पाठवण्यासाठी असलेल्या नोरिप्लाय खात्याचा प्रश्न जास्त नाजूक आहे. तोच पत्ता लिफाफ्यावरील प्रेषक म्हणून, म्हणजे ‘मेल फ्रॉम’ मध्ये, वापरला जात असेल आणि त्याच्यावरील सर्व मेल आपण नाकारत असू, तर आपण पाठवलेल्या सूचनांपैकी कोणत्या पोहोचल्या नाहीत हे सांगणारे परतीचे मेलही नाकारले जातात आणि यादीतील मृत पत्ते कधीच कळत नाहीत. शिवाय काही सर्व्हर मेल घेण्याआधी प्रेषकाचा पत्ता चालू आहे का हे उलट विचारून पाहतात. तेथे आपला नकार मिळाला की आपल्या सूचनाच परत येतात. यावर चांगला उपाय म्हणजे लिफाफ्यावर परतीचे मेल घेणारा दुसरा पत्ता ठेवणे आणि नोरिप्लाय हे नाव फक्त मेलच्या आतील ‘फ्रॉम’ ओळीत वापरणे. ते शक्य नसेल तर वरच्यासारखाच एक संच करून त्यात आधी ‘चेक_सेंडर_अ‍ॅक्सेस’ आणि नंतर ‘रिजेक्ट’ लिहावे, आणि प्रेषकांच्या तक्त्यात रिकाम्या प्रेषकाची खूण ‘<>’ लिहून तिच्यासमोर ‘ओके’ द्यावे. परतीचे मेल नेहमी रिकाम्या प्रेषकाने येतात, त्यामुळे ते आत येतात आणि माणसांची उत्तरे दाराशी अडतात. ‘ओके’ टाळण्याचा वर सांगितलेला नियम येथे मोडतो, पण हा संच आपल्याच एका पत्त्यापुरता लागू असल्याने आणि रिलेची यादी वेगळी असल्याने धोका राहत नाही.

पोस्टमास्टर हा पत्ता मात्र कधीही नाकारू नये; मेल स्वीकारणाऱ्या डोमेनवर तो चालू असणे आरएफसी ५३२१ ने बंधनकारक केले आहे.

चाचणी

चालत्या सर्व्हरवर थेट नकार लावण्याची धाकधूक असेल तर तपासणीच्या नियमाआधी ‘वॉर्न_इफ_रिजेक्ट’ हा शब्द घालावा. मग मेल आत येत राहतात आणि कोणता मेल नाकारला गेला असता हे लॉगमध्ये ‘रिजेक्ट_वॉर्निंग’ म्हणून दिसते. ‘सॉफ्ट_बाउन्स’ या सेटिंगने कायमचे नकार तात्पुरते करता येतात, पण ते सर्वच खात्यांना लागू होते, म्हणून एका खात्यासाठी पहिला मार्गच बरा.

खरी चाचणी बाहेरच्या यंत्रावरून करावी, कारण सर्व्हरवरूनच केलेली जोडणी आतल्या नेटवर्कची धरली जाते. घरगुती इंटरनेट जोडणीवर पोर्ट २५ अनेकदा बंद असते, तेव्हा दुसरा एखादा सर्व्हर हाताशी असावा. ‘स्वॅक्स’ हे साधन किंवा साधे टेलनेट वापरून संवाद सुरू करावा आणि ‘आरसीपीटी टू’ ला ५५० येते का ते पाहावे. त्याच जोडणीत दुसऱ्या चालू खात्याचा पत्ता देऊन त्याला २५० मिळते याची खात्री करावी, आणि मजकूर न पाठवता ‘क्विट’ म्हणून बाहेर पडावे. पुढे हीच चाचणी रिकाम्या प्रेषकाने, एलियासच्या पत्त्यांवर, पोर्ट ५८७ वरून लॉगिन करून आणि राखीव सर्व्हरशी जोडून करावी.

डेबियनच्या परंपरेतील प्रणालींवर लॉग ‘मेल.लॉग’ मध्ये आणि रेड हॅटच्या परंपरेत ‘मेललॉग’ मध्ये असतो. नव्या प्रणालींवर तो ‘जर्नलसीटीएल’ ने पाहावा लागू शकतो. नकाराची ओळ बहुधा ‘नोक्यू: रिजेक्ट: आरसीपीटी फ्रॉम’ अशी सुरू होते आणि तिच्यात जोडणाऱ्या सर्व्हरचे नाव, आपला कोड व मजकूर, प्रेषक आणि प्राप्तकर्ता असे सगळे येते. ‘नोक्यू’ याचा अर्थ मेल रांगेत शिरलाच नाही. बंद खात्याच्या नावापुढे रांग क्रमांक असलेली आणि ‘रिजेक्ट’ नसलेली ओळ दिसली तर एखादी वाट अजून उघडी आहे असे समजून त्या क्रमांकाने लॉग मागे मागे वाचत जावे. मेल कोणत्या सेवेतून आला आणि त्याचा मूळ पत्ता कोणता होता हे तेथेच सापडते.

इतर सर्व्हर

सेंडमेलमध्ये हेच काम ‘अ‍ॅक्सेस’ तक्त्याने होते. पत्त्याच्या आधी ‘टू:’ लावून समोर ‘एरर:५.२.१:५५०’ आणि मजकूर लिहावा, ‘मेकमॅप’ चालवावे आणि प्राप्तकर्त्यांची तपासणी करणारे ‘ब्लॅकलिस्ट_रेसिपियंट्स’ हे वैशिष्ट्य मांडणीत चालू असल्याची खात्री करावी, आवृत्ती ८.१६ पासून त्याचे नाव ‘ब्लॉकलिस्ट_रेसिपियंट्स’ असे आहे. एक्झिममध्ये प्राप्तकर्त्याच्या टप्प्यावरील एसीएलमध्ये (परवानगीच्या नियमांच्या यादीत) ‘डिनाय’ हा नियम लिहून त्याला ‘रेसिपियंट्स’ ही अट आणि ‘मेसेज’ हा मजकूर द्यावा. तो स्थानिक डोमेन स्वीकारणाऱ्या ‘अ‍ॅक्सेप्ट’ नियमाच्या वर असला पाहिजे. खाती डेटाबेसमध्ये ठेवून चालवल्या जाणाऱ्या मांडण्यांत खात्याची ‘चालू’ ही खूण काढली की पोस्टफिक्सला पत्ता सापडत नाही आणि ५५० व ५.१.१ असा नकार आपोआप मिळतो. पण सर्वसमावेशक एलियास असेल तर तेथेही वेगळा तक्ता लागतो.

येणारे मेल नाकारल्याने खात्याचे लॉगिन बंद होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. व्यक्ती संस्था सोडून गेली असेल तर तिचा पासवर्ड बदलावा किंवा लॉगिन रद्द करावे; केवळ पाठवणे थांबवून जुने मेल वाचू द्यायचे असतील तर आवृत्ती २.११ पासून ‘चेक_सासल_अ‍ॅक्सेस’ हा नियम उपलब्ध आहे.

खाते पुन्हा सुरू करायचे झाल्यास तक्त्यातील ओळीच्या आधी ‘#’ लावावे, पोस्टमॅप चालवावे, ट्रान्सपोर्टच्या तक्त्यातील नोंदही तशीच काढावी आणि राखीव सर्व्हरवर हेच करावे. मधल्या काळात ज्या टपाल याद्यांनी कायमच्या नकारांमुळे हे नाव वगळले असेल, तेथे ते नव्याने नोंदवावे लागेल.